पात्राचे कपडे आधी वापरलेले असावे लागतात

काही वर्षांपूर्वी एका लघुपटासाठी वेशभूषा आणि प्रॉपर्टी, म्हणजे दृश्यात वापरायच्या वस्तू, या दोन्हींची जबाबदारी माझ्याकडे होती. गोष्ट एका निवृत्त हिशेबनिसाची होती. पत्नीच्या निधनानंतर तो एकटा राहतो आणि कुणाला द्यायचा नसला तरी रोजचा हिशेब लिहीत राहतो. संहितेत त्याच्या कपड्यांविषयी ‘साधा फिकट शर्ट’ एवढाच उल्लेख होता. त्याप्रमाणे मी शर्ट आणला, इस्त्री केली आणि पहिल्या दिवशी नटाला घालायला दिला. नट उत्तम होता, प्रकाशयोजना मनासारखी जमली होती, तरीही मॉनिटरवर दिसणारा माणूस काही केल्या हिशेबनीस वाटेना. तो हिशेबनिसाची भूमिका करणारा नट वाटत होता. दिग्दर्शकाने शर्टाकडे पाहत मला एवढेच विचारले, “हा शर्ट यांनी किती वर्षे वापरला आहे?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. वेशभूषेविषयीचा माझा सगळा विचार त्यानंतर या एका प्रश्नापासूनच सुरू होत आला आहे.

त्या रात्री मी तो शर्ट घेऊन बसलो. कॉलरची घडी मानेला जिथे घासते तेवढाच भाग सँडपेपरने हलक्या हाताने घासला, कफांच्या कडा विरवल्या, कापडाचा कोरेपणा जावा म्हणून ते चहाच्या पाण्यातून काढले आणि छातीच्या खिशाच्या तळाशी निळ्या शाईचा लहानसा डाग पाडला, कारण हा माणूस तीस वर्षे त्याच खिशाला पेन लावत आला असणार. वरून तिसरे बटण काढून जवळपास त्याच रंगाचे दुसरे बटण लावले, पण जाड दोऱ्याने आणि शिवणकाम न येणाऱ्या हाताने लावावे तसे. हे बटण कुणाला दिसेल की नाही, याची मला खात्री नव्हती. नटाला मात्र ते दिसले. दुसऱ्या दिवशी शर्ट अंगात घालताना त्याची बोटे त्या बटणापाशी क्षणभर थांबली आणि तो खांदे किंचित पाडून उभा राहिला. मी त्याला काहीच सांगितले नव्हते.

भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले, त्यांत वेशभूषा आणि रंगभूषा यांना ‘आहार्य’ म्हटले आहे. आहार्य म्हणजे बाहेरून आणलेले. शब्द अचूक आहे, परंतु बाहेरून आणलेली ही गोष्ट नटाच्या आत किती खोल उतरते, हे नव्या चपला घालून आणि झिजलेल्या चपला घालून एकाच माणसाला चालायला लावले की कळते. चार्ली चॅप्लिन यांनी 1914 मध्ये आपला भटक्या उभा केला तेव्हा पात्र त्यांच्या डोक्यात तयार नव्हते. पँट ढगळ, कोट घट्ट, टोपी लहान आणि बूट मोठे अशी सगळीकडे विसंगती असावी, एवढेच त्यांनी ठरवले होते. वय थोडे जास्त दिसावे, पण चेहऱ्यावरचे भाव झाकले जाऊ नयेत म्हणून मिशी छोटी लावली. हा वेश अंगावर चढल्यावरच तो माणूस कोण आहे हे आपल्याला उमगू लागले, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्या वेशाकडे पाहिले की वाटते, कोट कधी काळी चांगल्या घरातला असावा. त्याची प्रतिष्ठा गेली आहे आणि ऐट तेवढी उरली आहे, हे पात्राने तोंडाने सांगायची गरज राहत नाही.

वेश पात्राचा भूतकाळ सांगतो, तसाच त्याच्यात होत जाणारा बदलही सांगतो. 1982 च्या ‘गांधी’ या चित्रपटात सुटाबुटातला तरुण वकील हळूहळू पंचापर्यंत येतो आणि त्याच्या विचारांचा प्रवास भाषणांइतकाच कपड्यांतून उलगडतो. त्या वेशभूषेसाठी भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. हिचकॉक यांच्या ‘सायको’मध्ये तर हा बदल अवघ्या दोन दृश्यांत घडतो: नायिकेची अंतर्वस्त्रे आणि पर्स सुरुवातीला पांढरी असतात आणि पैसे चोरल्यानंतर काळी होतात. कागदावर ही युक्ती फार ढोबळ वाटते. पडद्यावर ती चालते, कारण त्या क्षणी प्रेक्षकाचे लक्ष पैशांच्या पाकिटावर असते आणि रंग नकळत मनावर काम करून जातो.

रंगभूषेचा हिशेब थोडा वेगळा आहे, कारण तिला पात्राइतकेच कॅमेऱ्याचेही ऐकावे लागते. मूकपटांच्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग जवळजवळ टिपतच नसे. लाल ओठ काळे दिसत आणि चेहरे मळकट, म्हणून नटांना चेहऱ्यावर फिकट रंगाचा जाड थर द्यावा लागे. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात लाल धरून सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळली, तेव्हा रंगभूषाही बदलावी लागली. वार्धक्य दाखवताना आजही वापरली जाणारी एक पद्धत मी जवळून पाहिली आहे: डोळ्याभोवतीची त्वचा बोटांनी ताणून धरायची, तिच्यावर द्रवरूप लॅटेक्सचा (रबराचा) पातळ थर स्पंजने टिपायचा, ड्रायरने वाळवायचा, पावडर लावायची आणि मग त्वचा सोडून द्यायची. सोडताक्षणी सुरकुत्या पडतात, आणि त्या काढलेल्या नसल्यामुळे हसताना-बोलताना चेहऱ्याबरोबर हलतात. सुरकुती पेन्सिलीने काढली की ती फक्त वय सांगते. ती हलली, तरच त्या वयाचा माणूस समोर येतो. ‘द गॉडफादर’साठी रंगभूषाकार डिक स्मिथ यांनी मार्लन ब्रँडो यांच्या खालच्या जबड्यात बसवायचे एक उपकरण बनवले होते. चित्रीकरणाच्या वेळी ब्रँडो अवघे 47 वर्षांचे होते. त्या उपकरणाने गालाखालचा भाग जड झाला आणि बोलण्याची ढबही बदलली. रंगभूषा चेहऱ्यावर थांबत नाही, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

वस्तूंविषयी मात्र मला सर्वांत जास्त आस्था आहे, कारण त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अनेकदा कला विभाग खोली ‘भरतो’: फुलदाणी, पुस्तके, भिंतीवर चित्र. खोली भरते आणि तिथे कोण राहतो ते कळत नाही. हिचकॉक यांच्याच ‘रिअर विंडो’ची सुरुवात याच्या उलट आहे. घामाने डबडबलेल्या, झोपलेल्या नायकावरून कॅमेरा त्याच्या प्लॅस्टरमधल्या पायावर येतो, तिथून मोडक्या कॅमेऱ्यावर, मग शर्यतीतल्या अपघाताच्या छायाचित्रावर, ज्यात गाडीचे चाक सरळ आपल्या अंगावर येताना दिसते. त्यानंतर एका स्त्रीची चौकटीत लावलेली निगेटिव्ह दिसते आणि शेवटी तीच प्रतिमा मासिकाच्या मुखपृष्ठावर. कोणतेही पात्र त्याच्याविषयी एक शब्द बोलत नाही आणि तरीही त्याचा व्यवसाय, त्याचे धाडस, पाय कशामुळे मोडला हे सगळे आपल्याला कळलेले असते. निगेटिव्ह चौकटीत का ठेवली असेल, यावर मी अजूनही विचार करतो. ज्या स्त्रीचे उजळ रूप जग पाहते तिला हा माणूस उलट्या छटांमध्ये पाहतो, असा अर्थ मी लावतो.

वापरलेपणाचा एक व्यावहारिक त्रासही आहे. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, त्यामुळे महत्त्वाच्या कपड्यांच्या अनेक प्रती ठेवून प्रत्येक प्रत कथेच्या त्या त्या टप्प्याइतकी जुनी करावी लागते. डाग कोणत्या दृश्यापासून आहे, बाही किती दुमडली होती, याची छायाचित्रे काढून कंटिन्युइटी, म्हणजे दृश्यादृश्यांतली सुसंगती, सांभाळावी लागते. आमच्याकडे शर्टाच्या तीन प्रती होत्या आणि तिन्हींवर शाईचा डाग अगदी सारखा पाडताना माझी दमछाक झाली.

त्याच लघुपटात हिशेबनिसाच्या चष्म्याची डावी काडी मी दोऱ्याने बांधली होती. तालमीत नट चष्मा एका हाताने काढत असे. दोरा बांधल्यावर काडी सैल राहिली, म्हणून तो दोन्ही हातांनी, जपून काढू लागला. शेवटच्या दृश्यात तो दिवसाचा हिशेब पूर्ण करतो, चष्मा दोन्ही हातांनी उतरवतो आणि वहीवर काडी वर करून ठेवतो. संहितेत तिथे एक वाक्य होते. दिग्दर्शकाने ते काढून टाकले आणि कॅमेरा चष्म्यावर राहू दिला.