फाब्रिकाट

सायकल गेली ती गेलीच, वर विम्याचा फॉर्म भरणं आलं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये सायकल चोरीला जाणं म्हणजे आपल्याकडे देवळाबाहेरून चप्पल जाणं. कुणी फारसं हळहळत नाही. फॉर्मच्या दुसऱ्याच रकान्यात मी अडले: 'फाब्रिकाट'.

इंग्रजीच्या सवयीनं वाटलं, विचारतायत की काय, ही सगळी रचलेली कहाणी तर नाही ना? मग मराठी डोकं जागं झालं आणि हायवेवरची पाटी दिसायला लागली: 'फॅब्रिकेशन वर्क्स. ग्रिल, गेट, रोलिंग शटर.' शेवटी ऑफिसातल्या शेजाऱ्यानं उलगडा केला. फाब्रिकाट म्हणजे मेक. हार्डवेअरवाला 'कुठल्या मेकचा नळ देऊ?' म्हणतो ना, तेच. मूळ लॅटिनमध्ये अर्थ साधा, घडवलेलं.

रोजच्या बोलण्यात मात्र स्वीडिश माणूस 'मॅर्के' म्हणतो. मॅर्के म्हणजे खूण. गाडीचा ब्रँड तो 'बीलमॅर्के', ट्रेडमार्क तो 'वारुमॅर्के'. आपल्या 'मार्का'चा हा लांबचा चुलतभाऊच. फाब्रिकाट हा कोटबूट घालून फॉर्मातच भेटतो.

माझ्या आजीला मार्का पुरायचा. वाचता येत नव्हतं, त्यामुळे दुकानात ती काडेपेटी उलटीपालटी करून जहाजाचं चित्र आहे ना, एवढं बघायची. जहाज छाप म्हणजे विमकोची पेटी. तो कारखाना अंबरनाथला, आजीच्या कल्याणहून लोकलनं जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर. आणि ही विमको कंपनी 1923 साली काढली होती स्वीडिश काडेपेटीवाल्यांनी! माल अंबरनाथचा, पैसा स्वीडनचा, छाप जहाजाचा. आता याचं फाब्रिकाट काय लिहायचं? आजीला विचारलं असतं तर म्हणाली असती, "पेटते ना? मग झालं."

माझी सायकल सेकंडहँड. घेतली तेव्हाच दांडीवरचं नाव घासून गेलेलं. वार्बेरी गावची मोनार्क असावी असा माझा अंदाज. ती कंपनी 1908 पासूनची. पण अंदाजावर विमा मिळत नाही. "ब्रेक कसे होते?" शेजाऱ्यानं विचारलं. पेडल उलटं मारलं की लागायचे, मी सांगितलं. तो हसला. तशा तर इथं गल्लोगल्ली आहेत.

रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं. खाली 'खास खुणा' असा रकाना होता. हँडलवर दसऱ्याचं कुंकू होतं, पावसाळी गोथेनबर्गमध्येही टिकलेलं. कुंकवाला स्वीडिश शब्द काही सापडेना. 'लाल ठिपका' लिहून फॉर्म पाठवून दिला.