तुम्ही विचारलंत म्हणून: हरलेल्या उमेदवारानं घोटाळ्याच्या संशयाबद्दल बोलावं का?

मतमोजणी आणि निवडणूक याचिका या विषयांवर लिहिणाऱ्याला निकालाच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. उमेदवार हरलाय, काहीतरी गडबड झाली असं त्याला वाटतंय. त्यानं तोंड उघडावं, की लोक ‘रडीचा डाव’ म्हणतील म्हणून गप्प बसावं?

माझं मत स्पष्ट आहे. बोलावं, आणि लवकर बोलावं. मात्र बोलायचं ते बूथ क्रमांक, आकडा आणि कागद हातात धरून.

गप्प बसणं हा सभ्यपणा समजला जातो, पण त्याची किंमत मतदार मोजतात. पुरावा कायम टिकत नाही. भारतात निवडणूक याचिका दाखल करायला निकालापासून 45 दिवस मिळतात. त्या मुदतीत याचिका आली नाही, तर मतदान केंद्रांवरचं चित्रीकरण नष्ट करता येईल अशी सूचना निवडणूक आयोगानं 2025 मध्ये दिली. केनियात अध्यक्षपदाच्या निकालाला आव्हान द्यायला फक्त सात दिवस मिळतात. ‘बघू, वातावरण निवळू दे’ म्हणणाऱ्याच्या हातून तेवढ्यात सगळं निसटतं.

पराभव मान्य केला की दारं बंद होतात, हाही गैरसमज आहे. ती बहुतेक ठिकाणी निव्वळ रीत आहे, कायदा नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या नवव्या मतदारसंघात 2018 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे डॅन मॅक्रेडी 905 मतांनी मागे राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पराभव मान्य केला. पुढे ब्लेडन काउंटीतली टपाली मतं लोकांच्या डोळ्यांत आली. तिथल्या टपाली मतपत्रिकांपैकी नोंदणीकृत रिपब्लिकन मतदारांच्या होत्या सुमारे 19 टक्के, आणि रिपब्लिकन उमेदवाराला मतं मिळाली 61 टक्के. मॅक्रेडींनी डिसेंबरमध्ये आपला शब्द मागे घेतला. घरोघर फिरून टपाली मतपत्रिका बेकायदा गोळा केल्याच्या साक्षी झाल्या आणि फेब्रुवारी 2019 मध्ये राज्याच्या निवडणूक मंडळानं नव्यानं निवडणूक घ्यायचा आदेश दिला. आकड्यांनी फक्त बोट दाखवलं होतं. नव्या निवडणुकीचा आदेश आला तो शपथेवरच्या साक्षींमुळे.

आता कागदाबद्दल सविस्तर, कारण बहुतेक तक्रारी इथेच कोसळतात.

प्रत्येक मतदान केंद्रावर एक पत्रक तयार होतं. भारतात मतदान संपल्यावर किती मतं नोंदली गेली याचा हिशेब ‘17 सी’ नमुन्यात भरतात आणि त्याची प्रत पोलिंग एजंटला, म्हणजे केंद्रावर बसणाऱ्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळते. केनियात केंद्रावरच मोजणी होते आणि तिथला निकाल ‘34 ए’वर येतो. नाव काहीही असो, एजंटनं ती प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. फोटो काढायचा तर चारही कोपरे, सह्या, शिक्का आणि अनुक्रमांक एकाच चौकटीत यायला हवेत. कोपरा कापलेला फोटो समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत निकालात काढतो. कोऱ्या पत्रकावर आधीच सही करून ठेवणं ही तर नेहमीची चूक. दिवसभराचा थकलेला एजंट ‘घरी लवकर जाता येईल’ म्हणून सही करतो, आणि पुढे त्याच सहीनं त्याच्या पक्षाचं तोंड बंद होतं.

मग तीन बेरजा करायच्या. केंद्रावर आलेल्या मतपत्रिका आणि वापरलेल्या, खराब झालेल्या व उरलेल्या मतपत्रिकांची बेरीज जुळते का? यादीवर खूण झालेले मतदार आणि पेटीतून निघालेल्या मतपत्रिका जुळतात का? आणि सगळ्या उमेदवारांची मतं अधिक बाद मतं, ही बेरीज पेटीतल्या एकूण मतांइतकी आहे का? दुसऱ्या बेरजेत एक-दोन मतं कमी निघाली तर घाबरू नका. मतपत्रिका घेऊन ती पेटीत न टाकता निघून जाणारे मतदार असतात. मतदारांपेक्षा मतपत्रिका जास्त निघाल्या तर मात्र तिथेच लेखी हरकत घ्यायची. यंत्रावर मतदान असेल तर फरकाचं एक साधं कारण आधी तपासा. भारतात सकाळी मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान घेताना किमान 50 मतं टाकून बघतात. ती पुसायची राहून गेली तर यंत्रातली एकूण मतं तेवढ्यानं वाढलेली दिसतात. ही चूक आहे, घोटाळा नाही. चूक, नियमभंग आणि घोटाळा हे तीन वेगळे आरोप आहेत. ज्याचा कागद हाती आहे तोच आरोप करावा.

जाहीर निवेदनही याच मापाचं असावं. नमुन्यादाखल: ‘केंद्र 112. एजंटच्या प्रतीत आमची मतं 214, जाहीर पत्रकात 114. दोन्ही कागद सोबत जोडले आहेत. अशी केंद्रं 31, फरक 2,460 मतांचा, पराभव 1,900 मतांनी.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. फरक मताधिक्यापेक्षा मोठा आहे की नाही, हे न्यायालय विचारणारच. ऑस्ट्रियात मे 2016 मध्ये अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत नॉर्बर्ट होफर 30,863 मतांनी हरले. टपाली मतांची पाकिटं वेळेआधी किंवा अधिकार नसलेल्यांनी उघडली, असं तिथल्या घटनात्मक न्यायालयाला आढळलं. फेरफार झाल्याचा पुरावा नव्हता, पण नियम मोडून हाताळलेली मतं 77,926 होती, म्हणजे निकाल बदलू शकेल इतकी. 1 जुलैला निवडणूक रद्द झाली. डिसेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं, होफर आणखी मोठ्या फरकानं हरले आणि त्यांनी पराभव मान्य केला. त्यांचं बोलणं फुकट गेलं असं मी मानत नाही. पाकिटं कधी आणि कुणी उघडायची हे पाळलं जात नव्हतं, आणि ते त्यांच्या बाजूनं झालेल्या तक्रारीमुळेच उघड झालं.

याउलट, कागद नसताना केलेल्या आरडाओरड्यानं काय होतं तेही पाहिलं पाहिजे. 2020 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाजूनं 60हून अधिक दावे झाले, पण एकाही राज्याचा निकाल फिरला नाही. जॉर्जिया राज्यात सुमारे 50 लाख मतपत्रिका हातानं मोजल्या, तरी विजेता तोच राहिला. दरम्यान साध्या मतमोजणी कर्मचाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. खोटा आरोप सरकारला लागत नाही, टेबलावर बसून मतपत्रिकांचे गठ्ठे बांधणाऱ्या बाईला लागतो. याचा मला मनापासून राग येतो.

समाजमाध्यमांवर फिरणारी ‘आकडेशास्त्रीय सिद्धता’ हाही पुरावा नव्हे. एखाद्या केंद्रावर शंभर टक्के मतदान दिसलं की लगेच बोंब होते, पण लहान वस्तीत किंवा लष्कराच्या छावणीत ते घडू शकतं. आकड्यांच्या यादीत पहिला अंक 1 सर्वांत जास्त वेळा येतो, असं सांगणारा बेनफर्डचा नियम तर इथे लावूच नये. केंद्रं मुद्दाम साधारण सारख्या आकाराची आखलेली असतात, त्यामुळे मतांचे आकडे ठरावीक टप्प्यात अडकतात आणि नियम आपोआप मोडल्यासारखा दिसतो. अशा आकड्यांचा उपयोग एवढाच, की कोणत्या केंद्राचे कागद आधी उघडायचे ते कळतं.

केनियात अध्यक्षपदासाठी अनेकदा लढलेले राइला ओडिंगा यांची उदाहरणं या विषयात मला सर्वांत बोलकी वाटतात. 2007 मध्ये न्यायालयावर भरवसा नाही म्हणून त्यांचा पक्ष तिकडे गेलाच नाही. निकालानंतर उसळलेल्या हिंसाचारात हजाराहून अधिक माणसं मेली. 2013 मध्ये ते न्यायालयात हरले आणि त्यांनी निकाल मानला. 2017 मध्ये ते केंद्रांच्या ‘34 ए’ आणि मतदारसंघाची बेरीज असलेल्या ‘34 बी’ पत्रकांवर बोट ठेवून न्यायालयात गेले. सगळी ‘34 ए’ पत्रकं हाती येण्याआधीच आयोगानं निकाल जाहीर केला होता, आणि सर्व्हर तपासायला द्यायचा आदेशही नीट पाळला नाही. 1 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध दोन अशा मतानं निवडणूक रद्द केली. 2022 मध्ये आयोगानं 46,000हून अधिक केंद्रांची पत्रकं सर्वांना पाहता येतील अशी ठेवली. या वेळी ओडिंगांच्या बाजूनं आलेल्या संगणकीय नोंदींपैकी काही जुन्या निवडणुकीतल्या, तर काही चक्क बनावट निघाल्या. न्यायालयानं एकमतानं याचिका फेटाळली. उमेदवार तोच, न्यायालय तेच. फरक कागदात होता.

मलावीतही कागदच बोलला. 2019 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या पत्रकांवर आकडे व्हाइटनरनं झाकून बदललेले होते. फेब्रुवारी 2020 मध्ये निवडणूक रद्द झाली आणि आधी हरलेले लाझारस चक्वेरा जूनमध्ये पुन्हा झालेल्या मतदानात जिंकले.

याचिका फेटाळली गेली तर? ते आरोप केला होता तितक्याच मोठ्या आवाजात सांगायचं. घानात 2013 मध्ये नाना अकुफो-अड्डो न्यायालयात हरले. निर्णय पटत नाही, पण मान्य आहे, असं ते म्हणाले. 2016 ची निवडणूक जिंकून ते अध्यक्ष झाले.

न्यायालयच विकलं गेलेलं असेल तर काय, हा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. व्हेनेझुएलात जुलै 2024 मध्ये आयोगानं तत्कालीन अध्यक्ष मादुरो जिंकल्याचं जाहीर केलं, पण केंद्रनिहाय आकडे दिलेच नाहीत. विरोधकांनी 80 टक्क्यांहून अधिक केंद्रांच्या पत्रकांच्या प्रती गोळा करून इंटरनेटवर टाकल्या. त्यांत विरोधकांचे उमेदवार एडमुंडो गोन्सालेस यांना सुमारे 67 टक्के मतं होती. सत्ता त्यांना मिळाली नाही, उलट देश सोडावा लागला. पण त्या प्रत्येक पत्रकावर क्यूआर कोड आहे आणि बेरीज कुणालाही करता येते. हे काम निकालाच्या रात्री सुचलेलं नव्हतं. प्रत्येक केंद्रावर कोण बसेल, प्रत कोण घेईल आणि ती कुठे पोहोचवेल, हे मतदानाच्या आधीच ठरलेलं होतं. म्हणून उद्या बोलायची वेळ येईल असं ज्या उमेदवाराला वाटतं, त्यानं आज आपल्या एजंटांची यादी काढून बसावं आणि कोणत्या केंद्राला माणूस नाही ते आधी पाहावं.