मधलं लोखंड

"तांब्याचे पैसे देतो. मधलं लोखंड तुम्हीच ठेवा." भंगारवाले काका सहज बोलून गेले. मी हातातल्या कड्याकडे बघत राहिलो.

दोन संध्याकाळी गेल्या होत्या त्यावर. जुन्या अँप्लिफायरचा टोरॉइड, म्हणजे कड्यासारख्या लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, एपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या राळेत) गच्च बुजवलेला. हीटगनने मऊ करत, लाकडी पाचरीने एकेक ढलपा सोडवला. (दारं-खिडक्या उघड्या ठेवून, तो धूर वाईट.) हातोडा मुद्दाम लावला नाही. आत सिलिकॉन-पोलादाची जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची लांब पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ठोके बसून ती पिचली की तिचा चुंबकीय गुण उतरतो, लोड नसतानाही ट्रान्सफॉर्मर जास्त करंट ओढतो.

तार नवी मिळते हो. हा गाभा नवं वाइंडिंग घेऊन अजून कित्येक वर्षं चालेल.

तुमच्याकडे असा एखादा जळका टोरॉइड पडलाय का? भंगारात देण्याआधी मला सांगाल?