वीट नावाचं टर्मिनल

नव्वदीच्या सुरुवातीला मी मुंबईत कॉम्प्युटर सर्व्हिसिंगला होतो. कुठल्यातरी ऑफिसच्या तळघरात मशीन खोलून बसायचं, पार्ट लागला की जिने चढून वर रस्त्यावर यायचं, पीसीओच्या फोनला रांग लावायची, मग स्टोअरवाला म्हणणार थांबा रजिस्टर बघतो, तोपर्यंत मागचा माणूस खांद्यावर टकटक करणार. एकदा एकाच कॉलला, म्हणजे एकाच दुरुस्तीच्या कामाला, पाच वेळा वर-खाली केलं आणि शेवटी कळलं पार्ट स्टॉकमध्येच नाही.

म्हणून मोटोरोलाच्या केडीटी ८०० बद्दल वाचलं तेव्हा खरंच भरून आलं. आमच्या आधी, ऐंशीच्या दशकात, अमेरिकेत हे आयबीएमच्या फील्ड इंजिनिअर लोकांकडे होतं. हातात धरायचं टर्मिनल, कीबोर्ड, छोटीशी स्क्रीन आणि आत ८०० मेगाहर्ट्झ बँडचा रेडिओ. सगळे त्याला ब्रिक म्हणायचे, म्हणजे वीट. पुढचा कॉल कुठे आहे ते त्यावरच यायचं, पार्ट तिथूनच मागवायचा, काम झालं की कॉल तिथूनच क्लोज, सगळं थेट सेंट्रल कॉम्प्युटरशी.

स्पीड ४८०० बिट प्रति सेकंद, पण चार ओळींच्या मेसेजला तेवढा पुष्कळ. मला सगळ्यात आवडलं ते कव्हरेजचं डोकं. गाडीतल्या रेडिओला रस्त्यावर सिग्नल मिळाला की भागतं, हा माणूस मात्र बिल्डिंगच्या आत मशीनला चिकटून उभा, मग त्यांनी बेस स्टेशनं, म्हणजे विटेशी बोलणारे रेडिओचे टॉवर, मुद्दाम एकमेकांच्या हद्दीत घुसतील अशी लावली आणि तीही सगळी एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे विटेचा मेसेज एका स्टेशनला नाही लागला तर शेजारच्याला लागेल. उत्तर देताना ज्याला नीट ऐकू आलं ते स्टेशन बोलणार आणि आजूबाजूची तेवढा वेळ गप्प बसणार, नाहीतर सगळा कालवा. यात एका वेळी कमी लोकांचं काम होतं हे उघड आहे, तरी त्यांनी ते चालवून घेतलं कारण आतल्या माणसापर्यंत पोचणं जास्त गरजेचं होतं. माझ्या मते हा निर्णय अगदी बरोबर होता.

पुढे १९९० मध्ये आयबीएम आणि मोटोरोला दोघांनी मिळून यातूनच आर्डिस नेटवर्क काढलं, बाहेरच्या कंपन्यांनाही ते वापरता यायला लागलं. नंतर रिम कंपनीचं ८५० हे छोटं ईमेलचं यंत्र, ब्लॅकबेरीच्या घराण्यातलं, तेही याच जातीच्या नेटवर्कवर चालायचं. लोकांना ते लक्षात आहे, पण मला अजून ती वीटच जवळची वाटते. पार्ट आहे की नाही हे मशीनपाशी बसल्या जागी कळणं, आम्हाला तेवढंच हवं होतं.