बंपर उघडल्याशिवाय सही नको: मागून बसलेल्या धक्क्याच्या क्लेमचा माझा अनुभव

कमी वेगात मागून धक्का बसला की बंपर बहुतेक वेळा दबतो आणि परत उसळून जागेवर येतो. वरून दोन ओरखडे आणि थोडी वाकलेली नंबरप्लेट, एवढंच दिसतं. माझ्या गाडीचंही तेच झालं. विमा कंपनीला कळवणं, क्लेम नंबर मिळणं, कागदपत्रं देणं हे सगळं दोन दिवसांत उरकलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पहिलं एस्टिमेट मात्र बंद बंपरकडे बघून झालं आणि मी ते मान्य केलं. बंपर काढल्यावर आतलं नुकसान दिसलं, त्याचं पुरवणी एस्टिमेट गेलं, आणि त्याच्या मंजुरीसाठी गाडी नऊ दिवस मागून उघडी उभी राहिली. त्या नऊ दिवसांची चीड अजून गेलेली नाही. बंपर पहिल्याच दिवशी उघडला असता तर त्यातले बरेचसे दिवस वाचले असते.

आधी बंपरच्या आत काय असतं ते सांगतो. आपण ज्याला बंपर म्हणतो ते वरचं प्लास्टिकचं कव्हर, बहुधा पॉलीप्रॉपिलीनचं. ते लवचीक असतं म्हणून परत आकार घेतं. त्याच्या आत फोमचा जाड पट्टा असतो, धक्का शोषायला. त्यामागे स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा आडवा बार. हा बार दोन्ही टोकांना छोट्या डब्यांसारख्या तुकड्यांवर बोल्टने बसवलेला असतो, आणि ते डबे धक्क्यात आधी दबावेत अशाच हिशेबाने बनवलेले असतात. डब्यांच्या मागे गाडीचा मागचा पत्रा आणि डिकीचा तळ. कव्हर उसळून परत आलं तरी तडकलेला फोम, वाकलेला बार आणि दबलेला डबा आपोआप सरळ होत नाहीत. पुढच्या वेळी धक्का बसला तर तो झेलायला आत काही उरलेलं नसतं. बाहेरून ओरखडाच दिसतो म्हणून नुसता रंग मारून घेण्यात हा धोका आहे.

बंपर न काढताही थोडा अंदाज घेता येतो. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि स्टेपनीच्या खड्ड्याचा पत्रा उजेडात बघा. पत्र्याला सुरकुती किंवा लाट आली असेल, जोडावरचं सीलंट तडकलं असेल, तर जोर आतपर्यंत पोचलेला आहे. मग डिकीचं झाकण आणि बाजूच्या पत्र्यामधली फट दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्टीने मोजा. एका बाजूला चार मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला सात भरत असेल तर काहीतरी सरकलं आहे, मग डिकी कितीही नीट लागत असो. डिकी लावायला आधीपेक्षा जास्त जोर लागतो का, तेही बघा.

आता जिथे अडलं तिथे येतो.

पहिला सर्व्हे फोटोंवरून झाला. त्यात कव्हर दुरुस्त करून रंगवणं आणि नंबरप्लेटची पट्टी बदलणं, एवढंच मंजूर झालं. गॅरेजने बंपर उतरवल्यावर बार वाकलेला, उजवा डबा दबलेला, फोम दोन ठिकाणी फुटलेला आणि मागच्या पत्र्याला उजव्या टोकाला पोक आलेला निघाला. गॅरेजने पुरवणी एस्टिमेट पाठवलं. त्यानंतर तिघांचा एकमेकांकडे बोट दाखवण्याचा खेळ सुरू झाला. गॅरेज म्हणे, आम्ही पाठवलं, मंजुरी आली की पार्ट मागवतो. विमा कंपनीचा हेल्पलाइनवाला म्हणे, सर्व्हेअरचा, म्हणजे कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्याचा, रिपोर्ट आलेला नाही. सर्व्हेअर म्हणे, माझ्यापर्यंत काही पोचलेलंच नाही. रोज फोन करत होतो आणि रोज हेच तीन जबाब ऐकत होतो.

पाचव्या दिवशी मी गॅरेजकडून त्यांनी पाठवलेला मेल मागून घेतला. तो कंपनीच्या सर्वसाधारण पत्त्यावर गेला होता. विषयाच्या ओळीत क्लेम नंबर नव्हता, फक्त गाडीचा नंबर होता. सोबतच्या फोटोंत वाकलेला बार अगदी जवळून घेतलेला, त्यामुळे तो कुठल्या गाडीचा, हेही कळत नव्हतं. असा मेल कुणाच्याच टेबलावर जात नाही. त्यामुळे पुरवणीचा पाठपुरावा गॅरेजवर सोपवू नका. तिचा कागद स्वतः वाचा आणि स्वतः पाठवा, गॅरेज आणि सर्व्हेअर दोघांनाही एकाच मेलमध्ये ठेवून. फोनवर झालेलं प्रत्येक बोलणं त्याच दिवशी दोन ओळींत त्याच मेलच्या साखळीत उतरवा: अमुक वाजता बोललो, अमुक दिवशी बघायला येतो असं सांगितलं. एकदा हे सुरू केल्यावर पुढची हालचाल चार दिवसांत झाली.

त्या कागदात काय असावं, हे मला उशिरा समजलं. विषयात क्लेम नंबर, गाडीचा नंबर आणि ‘पुरवणी’ हा शब्द. आत प्रत्येक पार्टचं नाव, पार्ट नंबर, बदलायचा की दुरुस्त करायचा, किंमत, मजुरीचे तास आणि रंगाचं साहित्य, सगळं वेगवेगळं. एकत्र रक्कम लिहिली की विमा कंपनी फोड मागते आणि दोन दिवस जातात. प्रत्येक नुकसानाचे तीन फोटो: एक लांबून, ज्यात नंबरप्लेट किंवा चासी नंबरही दिसेल. दुसरा मधल्या अंतरावरून, ज्यात तो पार्ट गाडीच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते कळेल. तिसरा जवळून, शेजारी पट्टी धरून, म्हणजे पोक किती मिलिमीटर आहे ते वाचता येईल. शेवटी एका वाक्यात, हे नुकसान याच धक्क्याचं कसं, ते.

हे शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण खरी शंका तिथेच असते. सर्व्हेअरला पार्ट खराब आहे हे दिसतंच. तो आधीपासून खराब होता का, हे त्याला ठरवायचं असतं. याचं उत्तर पत्राच देतो. ताज्या पोकाच्या कडेला रंग टवका उडून निघालेला असतो आणि खालचा धातू स्वच्छ असतो. जुन्या पोकात गंज असतो, घडीत धूळ आणि चिखल बसलेला असतो. जोराची दिशाही जुळावी लागते: धक्का उजव्या कोपऱ्यावर बसला असेल तर उजवा डबा जास्त दबलेला आणि बार त्याच बाजूला आत गेलेला हवा. माझ्या फोटोंत हे दिसत होतं, पण ते शब्दांत कुणी लिहिलं नव्हतं. मी लिहिल्यावर सर्व्हेअरने प्रत्यक्ष येऊन पाहिलं आणि बार, डबा, फोम बदलायला आणि पत्रा दुरुस्त करायला मंजुरी दिली.

त्याच काळात गॅरेज सांगत होतं की पत्रा आत्ताच ओढून सरळ करून टाकतो, मंजुरी नंतर येईल. मी नाही म्हटलं आणि ते बरोबरच होतं. पुन्हा पाहणी व्हायच्या आधी नुकसान दुरुस्त झालं किंवा जुना पार्ट भंगारात गेला तर पुरावाच संपतो. मग सर्व्हेअर नाही म्हणाला तर त्याला दोष देता येत नाही. काढलेले पार्ट क्लेमचे पैसे जमा होईपर्यंत गॅरेजमध्येच ठेवायला सांगा आणि त्यांचेही फोटो काढा.

म्हणून माझा आग्रह आहे: पहिल्या सर्व्हेलाच बंपर उघडून घ्या. गॅरेज उघडण्याची मजुरी मागेल. ती क्लेममध्ये धरली जाईल का आणि क्लेम केलाच नाही तर कोण भरणार, हे आधी लेखी विचारा. कंपनी फोटोंवरच सर्व्हे करत असेल तर एस्टिमेटखाली एक ओळ लिहून घ्या: ‘बंपर काढल्यावर आतलं नुकसान आढळल्यास पुरवणी एस्टिमेट देण्यात येईल.’ ही ओळ असली की नंतरचा कागद अचानक आलेला वाटत नाही.

हे समोरच्याच्या विमा कंपनीकडून पैसे घेणाऱ्यांना आणखी लागू आहे. तिथे लवकर मिटवण्यासाठी ठरावीक रकमेचा प्रस्ताव येतो आणि ‘पूर्ण व अंतिम’ असा कागद सहीला येतो. बंपर उघडायच्या आधी त्यावर सही केली की आत काहीही निघालं तरी खर्च आपलाच. रोख रक्कम देऊ केली असेल तर त्यात कर धरला आहे का, हेही विचारा. अनेकदा तो धरलेला नसतो आणि गॅरेज बिलात लावतं.

क्लेम करायचा की खिशातून भरायचं, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. गणित सोपं आहे: एक्सेस म्हणजे आपण भरायची ठरलेली रक्कम, प्लास्टिक-रबराच्या पार्टवर कापला जाणारा घसारा, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेल्यामुळे पुढच्या हप्त्यांत वाढणारे पैसे. ही बेरीज गॅरेजच्या बिलाच्या जवळपास जात असेल तर क्लेममध्ये अर्थ नाही. पण हे गणित बंद बंपरच्या एस्टिमेटवर करू नका, ते हमखास चुकतं. आणि क्लेम करा वा नको, पॉलिसीत अपघात किती वेळात कळवायचा ते वाचून तेवढ्यात कळवून ठेवा. पॉलिसीत आणखी एक शब्द शोधा: कन्झ्युमेबल्स. क्लिपा, सीलंट, नटबोल्ट, थिनर यांचे पैसे तिथे कापले जाऊ शकतात. एकेक रक्कम लहान असते, बेरीज नाही.

दुरुस्तीतल्या दोन गोष्टींवर मी अडून बसलो. पहिली, बंपरच्या कोपऱ्यातला रडार. बाजूने येणाऱ्या गाडीची सूचना देणारी सोय असलेल्या गाड्यांत मागच्या दोन्ही कोपऱ्यांच्या आत रडार बसवलेला असतो आणि तो कव्हरच्या प्लास्टिकमधून आरपार बघतो. त्या भागावर लांबी (पुट्टी) भरली, प्लास्टिक वेल्डिंग केलं किंवा रंगाचे जाड थर चढवले तर त्याचे सिग्नल बिघडतात. त्या जागी कव्हर फाटलं असेल तर दुरुस्ती नको, नवीन कव्हर मागा. कारण म्हणून गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या दुरुस्तीच्या सूचना दाखवा, सर्व्हेअरला तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग होतो. रडार काढून परत बसवला तर कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा आणि मोजमाप परत जुळवणं, लागू शकतं. त्याची ओळ एस्टिमेटमध्ये आधीच हवी, नंतर घालायला गेलं की आणखी एक पुरवणी. पार्किंग सेन्सरच्या तोंडावरही जुन्या रंगावर नवा रंग चढू देऊ नका.

दुसरी, रंग. मेटॅलिक किंवा मोत्यासारखी झाक असलेल्या रंगात एकाच कोडच्या छटा वेगवेगळ्या निघतात, शिवाय प्लास्टिकवर आणि पत्र्यावर तोच रंग वेगळा दिसतो. आधी पट्टीवर मारून उन्हात गाडीशेजारी धरून बघायला सांगा. मागचा पत्रा ओढून सरळ केला असेल तर त्यावर लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको, जाड थर पुढे तडकतो. पत्र्यावरचा कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावून 1000 च्या वर आकडा आला तर खाली भरपूर लांबी आहे असं समजा. हे साधं यंत्र पत्र्यावरच चालतं, बंपरच्या प्लास्टिकवर नाही. नवीन क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, भट्टीत साधारण 60 अंशांवर अर्धा तास तापवलेला असला तरी पुढचे काही आठवडे त्यावर वॅक्स किंवा प्रेशरचं धुणं नको. किती दिवस थांबायचं, ते वापरलेल्या रंगावर ठरतं, पेंटरला विचारा.

गाडी घेताना बिलावर समाधानाची सही मागतात. ती सर्वांत शेवटी करा. आधी दिवसाच्या उजेडात दोन्ही फटी परत मोजा, बंपरच्या कडा हाताने ओढून क्लिपा बसल्या आहेत का बघा, फॉल्ट कोडचं (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडांचं) स्कॅन दुरुस्तीच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही मागा, रिव्हर्स लाइट आणि सेन्सर चालवून बघा. आणि डिकी बंद करून मागून पाच मिनिटं पाण्याचा पाइप सोडायला सांगा, मग कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा. मागचा पत्रा ओढल्यावर सीलंट नीट भरलं नसेल तर ओल तिथेच लागते.