पहाटेची विडी

"मॅडम, चार दिवस झाले, विडीला हात लावला नाही," काका म्हणाले आणि मी विश्वास ठेवला. त्यांची बोटं नीट बघितली असती तर ठेवला नसता. उजव्या हाताची दोन बोटं नखापर्यंत तपकिरी होती.

वय 58, सोलापूरजवळच्या गावचे. पोटाच्या जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून हर्निया बाहेर आला होता. घाई काहीच नव्हती, ठरवून करायचं ऑपरेशन. रोज एक बंडल, तीस वर्षं. मी भूलतज्ज्ञ म्हणून त्यांना तपासलं. छातीत थोडी घरघर, एक्स-रे ठीक, बोटाच्या ऑक्सिमीटरवर 97. त्या 97 वर मी निर्धास्त झाले, हे मला आजही बोचतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोन्हींतला फरक कळत नाही. हे शिकलेलं होतं, शिकवलेलंही होतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. घशातून जाड, पिवळा कफ ओढून काढला आणि श्वासाची नळी बाहेर घेतली. एक श्वास आला. मग छाती आत ओढली जात होती, पोट हलत होतं, पण हवेचा आवाज नाही. विडीने कायम चिडलेलं स्वरयंत्र गच्च मिटलं होतं. मॉनिटरची टिकटिक खाली खाली उतरायला लागली, ऑक्सिजन 90, 82, 71. जबडा वर उचलून मास्क दाबून धरला, उघडेना. सिस्टरनी स्कोलीनची, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाची, सिरिंज न सांगता पुढे केली. थोडासा डोस दिला, स्वरयंत्र सैल झालं, पिशवीतून हवा आत गेली. सगळं मिळून दोन मिनिटांच्या आतलं. माझा मास्क धरलेला हात मात्र नंतर बराच वेळ थरथरत होता.

संध्याकाळी वॉर्डात काकू बाजूला येऊन म्हणाल्या, "पहाटे पाचला ह्यांनी संडासामागं एक ओढली. मी बघितलं, बोलले न्हाई." आणि रडायला लागल्या. त्या घरी विड्या वळतात, मांडीवर सूप घेऊन, हजार विड्यांमागे मजुरी. रागावायचं तरी कोणावर? काकांच्या केसपेपरवर ऑपरेशनच्या जेमतेम आठवडाभर आधी 'धूम्रपान बंद करावे' असा शिक्का मारलेला होता. का, किती दिवस आधी, कुणी बसून सांगितलं नव्हतं. चार आठवडे थांबलं तर श्वासनळीतले कफ वर ढकलणारे बारीक केस पुन्हा कामाला लागतात, जखम भरायलाही मदत होते. मी तारीख पुढे ढकलू शकत होते. फिटनेसवर सही माझी होती.

पुढचे दिवस फार वाईट गेले. खोकला आला की टाक्यांवर उशी दाबून धरायची, आणि दुखतं म्हणून काका खोकला गिळायचे. कफ आतच साचला. तिसऱ्या दिवशी ताप, उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटलेला. फिजिओथेरपिस्ट ताई श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचं, तीन चेंडूंचं यंत्र घेऊन बसायच्या. काकांना एकच चेंडू उचलता यायचा, तोही अर्धा. निकोटीनने रक्तवाहिन्या आवळलेल्या, त्यात हा खोकला. टाक्यांचं खालचं टोक उसवलं, पू आला. पाचव्या दिवशी घरी जायचे ते चौदाव्या दिवशी गेले. काकूंची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली.

तेव्हापासून मी "विडी ओढता का?" असं विचारत नाही. "आजची पहिली किती वाजता ओढली?" असं विचारते. बहुतेक जण खरी वेळ सांगतात. घाईचं ऑपरेशन नसेल तर चार आठवड्यांनंतरची तारीख घ्यायला सांगते, आणि सर्जनशी वाद झाला तरी घालते. घाईचं असेल तर आजपासून एकही नको म्हणते, कारण एका दिवसातही रक्तातला कार्बन मोनॉक्साइड बराच उतरतो.

काका महिन्याने दाखवायला आले. मी काही विचारायच्या आत काकूच म्हणाल्या, "एकतीस दिवस झाले. मी मोजतीये." काकांना तेवढ्यात खोकला आला, आणि त्यांचा तळवा आपोआप पोटावर गेला.