नळीला शिवण आहे हे सिद्ध करायला लागलेले ३१ दिवस

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलेला, गंगाखेड, माजलगाव, अंबाजोगाईकडच्या ट्रॉलीवाल्यांचे दिवसातून चार-चार फोन, आणि चीनहून आलेली आमची अठरा टन पोलादी नळी कस्टमने अडवल्यामुळे कंटेनरमध्ये कुलूपबंद. नळी आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर होती, पण तिला हात लावता येत नव्हता. याबद्दल लिहायचं तेव्हाच ठरवलं होतं. राग आता थोडा निवळलाय, पण गेलेला नाही.

वाळूजला दादाचं वर्कशॉप आहे. डंपिंग ट्रॉलीचे हायड्रॉलिक जॅक बनवतो. मशीन आणि माणसं त्याच्याकडे, खरेदी, बँक, कागदपत्रं माझ्याकडे. जॅकची नळी आम्ही वर्षानुवर्षं मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचो. त्या वर्षी पहिल्यांदा थेट चीनमधून मागवली. ऑर्डर, एलसी (बँकेचं पतपत्र), जहाज, स्टीलच्या आयातीसाठी लागणारी सिम्स नोंदणी, न्हावा शेवाहून आमच्या जवळच्या कंटेनर डेपोपर्यंतचा प्रवास, सगळं बिनबोभाट झालं. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टमकडचं घोषणापत्र, भरलं आणि तिसऱ्या दिवशी क्लिअरिंग एजंटचा फोन आला, "ताई, क्वेरी आली. अँटी-डंपिंगचं काढलंय त्यांनी."

आमच्याकडे डंपिंग म्हटलं की ट्रॉली आठवते. कस्टममध्ये डंपिंग म्हणजे परदेशी उत्पादकाने स्वतःच्या देशात ज्या भावाने विकतो त्यापेक्षा स्वस्तात माल इथे पाठवणं. त्याने इथल्या कारखान्यांचं नुकसान होतंय असं चौकशीत ठरलं, तर वरून जादा ड्यूटी बसते. त्याची सख्खी बहीण म्हणजे काउंटरव्हेलिंग ड्यूटी. तिथे प्रश्न भावाचा नसतो, तिथल्या सरकारने उत्पादकाला दिलेल्या अनुदानाचा असतो. दोन्हींची चौकशी वाणिज्य मंत्रालयाखालचं डीजीटीआर करतं आणि शिफारस देतं. ड्यूटी प्रत्यक्ष लावतं ते अर्थ मंत्रालय. हा फरक पक्का लक्षात ठेवा. डीजीटीआरचा निष्कर्ष वाचून घाबरू नका आणि सुटकेचा श्वासही सोडू नका, कारण अर्थ मंत्रालय शिफारस मान्य करतंच असं नाही. राजपत्रातली अधिसूचना निघाली तरच ड्यूटी.

चीनच्या बिनजोड पोलादी नळ्यांवर ही ड्यूटी २०१६ मध्ये आधी तात्पुरती लागली, २०१७ मध्ये पक्की झाली आणि २०२१ मध्ये ती आणखी पाच वर्षांसाठी वाढवली गेली. बाहेरचा व्यास ३५५.६ मिलिमीटरपर्यंत, बीड (ओतीव लोखंड) आणि स्टेनलेस वगळून. आमची नळी त्या व्यासात आरामात बसत होती. देश तोच. फक्त एक गोष्ट वेगळी होती, आमची नळी बिनजोड नव्हती.

हे जरा समजावून सांगते, कारण सगळं घोडं इथेच अडलं. बिनजोड नळी म्हणजे भरीव गोल दांडा तापवून त्याला मधून भोक पाडून केलेली. तिचं शीर्ष, म्हणजे कस्टमच्या दरपत्रकातला वर्गाचा आकडा, ७३०४. आमची नळी पट्टी गोल वळवून, वेल्ड करून केलेली. मग वेल्डची आतली-बाहेरची धार खरवडून काढतात आणि नळी थंड अवस्थेत साच्यातून ओढतात. तिचं शीर्ष ७३०६. ओढल्यावर शिवण, म्हणजे वेल्डचा जोड, डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. आतून होन केली, म्हणजे घासून गुळगुळीत केली, की आरशासारखी चकचकीत. जाडी चौफेर सारखी मिळते आणि स्वस्त पडते, म्हणून दादाने ती निवडली होती. दोन्ही नळ्या शेजारी ठेवल्या तर वीस वर्षं लेथवर काढलेला माणूसही नुसत्या नजरेने सांगू शकणार नाही. मग संगणकावर बसून फक्त इन्व्हॉइस पाहणाऱ्या अधिकाऱ्याला कसं कळणार?

आणि इन्व्हॉइसवर होतं, ‘कोल्ड ड्रॉन होन्ड ट्यूब, ई-३५५’. वेल्डेड हा शब्द कुठेच नव्हता. तो मसुदा मीच मंजूर केला होता. चूक माझी होती आणि तिची किंमत आम्ही मोजली.

२०२० पासून फेसलेस पद्धत आली आहे. माल आपल्या डेपोत आणि कागद तपासणारा अधिकारी देशात कुठेही. तो कोण, कुठे, काही कळत नाही. भेटता येत नाही, फोन करता येत नाही. ओळखीपाळखीचा खेळ बंद झाला हे चांगलंच झालं, मी त्याच्या विरोधात नाही. पण नळी हातात घेऊन ‘साहेब, ही बघा’ म्हणायची सोयही गेली.

पहिल्या क्वेरीचं उत्तर मी त्याच रात्री दिलं. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट जोडलं, त्यावर स्पष्ट ईएन १०३०५-२ लिहिलेलं होतं. या युरोपियन मानकाचा भाग १ बिनजोड नळीचा आणि भाग २ वेल्ड करून ओढलेल्या नळीचा. मला वाटलं संपलं. सहा दिवस काहीच नाही. सातव्या दिवशी दुसरी क्वेरी आली, माल बिनजोड नाही याचा पुरावा द्या. म्हणजे जे दिलं होतं तेच पुन्हा मागितलं. पुन्हा दिलं, या वेळी मानकाचा भाग १ आणि भाग २ यांतला फरक समजावून. पाच दिवसांनी तिसरी क्वेरी. शब्द थोडे इकडेतिकडे, प्रश्न तोच. आधीची उत्तरं कुणी उघडून पाहिली होती का, हे मला आजही माहीत नाही. डेपोचं भाडं रोज चढत होतं, शिपिंग लाइनचं कंटेनरचं भाडं वेगळं, आणि मी सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी कस्टमचं आइसगेट पोर्टल उघडून बघत होते. आई म्हणायची, आधी चहा तरी घे गं.

पैशांचा हिशेब सांगते. या अधिसूचनेत ड्यूटी सरळ टक्क्यांत नाही. एक संदर्भ किंमत ठरवलेली असते आणि मालाची लँडेड किंमत, म्हणजे मूल्यांकनाची किंमत अधिक मूळ कस्टम ड्यूटी, त्यापेक्षा कमी असेल तर मधला फरक भरायचा. आमच्या अठरा टनांवर तो पावणेसहा लाखांच्या घरात जात होता. त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, तोही चढतो. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, अँटी-डंपिंगचं मिळत नाही, ते पैसे गेले ते गेलेच. आमच्यासारख्या वर्कशॉपच्या त्या हंगामाच्या नफ्यावर पाणी पडलं असतं. एजंट म्हणाला, "भरून टाका ताई, नंतर रिफंड मागू." माझं उत्तर नाही होतं. जे लागतच नाही ते का भरायचं?

तिसऱ्या क्वेरीच्या रात्री दादा म्हणाला, सप्लायरने ऑर्डरच्या आधी कुरिअरने पाठवलेला नमुना पडलाय ना, त्यालाच बोलतं करू. दुसऱ्या दिवशी नमुन्याची बोटभर रुंदीची कडी कापली. आमच्याकडे पंधरा वर्षं असलेल्या फिटरने तिचा काप एमरी पेपरवर घासायला घेतला. आधी जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, प्रत्येक वेळी कडी काटकोनात फिरवून. तासाभराने काप असा झाला की त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसत होतं. मेटलर्जी शिकवून निवृत्त झालेले एक सर ओळखीचे आहेत, ते येताना बाटलीत नायटल घेऊन आले. नायटल म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडंसं नायट्रिक आम्ल. कापसाच्या बोळ्याने पुसलं. दहा-पंधरा सेकंद काही नाही. मग चकाकी जाऊन काप करडा पडत गेला आणि एका ठिकाणी, आतून बाहेरपर्यंत, केसासारखी उभी रेघ उमटली. तिच्या दोन्ही बाजूंना पसरत गेलेला फिकट पट्टा, मधे चिंचोळा, कडांना रुंद.

फिटर ओरडलाच, "मालक, बघा की! इथं शिवण दिसायली!"

दादा काहीच बोलला नाही. त्याने कडी उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

फोटो, सरांच्या सहीचा अहवाल आणि एक सरळ मागणी, असं तिसऱ्या क्वेरीचं उत्तर गेलं. मागणी अशी की हा नमुना आमचा म्हणून विश्वास ठेवू नका, कंटेनर उघडा, तुमच्या हाताने नमुना काढा, सरकारी प्रयोगशाळेत तपासा. ही मागणी मी पहिल्याच उत्तरात करायला हवी होती. तुमच्या मालाचा प्रश्न डोळ्यांनी न दिसणाऱ्या गोष्टीचा असेल तर कागदावर कागद चढवत बसू नका. बिल भरतानाच फर्स्ट चेक मागा, म्हणजे आधी तपासणी आणि मग ड्यूटीची आकारणी.

डेपोतल्या कस्टमवाल्यांनी नमुना काढला तो दिवस होता २३ वा. अहवालाला महिने लागणार हे उघड होतं, म्हणून आम्ही कस्टम कायद्याच्या कलम १८ खाली हंगामी, म्हणजे तात्पुरती, आकारणी मागितली. बाँड आणि वादातल्या रकमेची बँक गॅरंटी द्यायची आणि माल सोडवायचा. बँकेने गॅरंटीला चार दिवस घेतले, त्यात रविवार. ३१ व्या दिवशी संध्याकाळी कंटेनर वाळूजला आला. त्या रात्री लेथ थांबला नाही.

सरकारी अहवाल जवळजवळ चार महिन्यांनी आला. वेल्डेड. आकारणी ७३०६ मध्ये कायम झाली, गॅरंटी परत मिळाली. डेपोचं आणि कंटेनरचं भाडं मात्र कुणी परत दिलं नाही, आणि हंगामातल्या सात ऑर्डरी दुसरीकडे गेल्या त्याही नाहीत.

आता जे तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं, ते सांगते.

अधिसूचनेतला तक्ता आडवा वाचायचा असतो. शीर्ष, मालाचं वर्णन, मूळ देश, निर्यातीचा देश, उत्पादक, रक्कम, एकक, चलन. लोक शीर्षाचे आकडे जुळवून मोकळे होतात. खरा निर्णय वर्णनाच्या रकान्यात आणि तक्त्याखालच्या टिपांत असतो, कोणते प्रकार वगळलेत ते तिथे असतं. त्यानेही उलगडलं नाही तर डीजीटीआरच्या अंतिम निष्कर्षात ‘विचाराधीन वस्तू’चा भाग वाचा. शीर्ष केवळ निर्देशक आहे, असं तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. म्हणजे शीर्ष बदललं म्हणून सुटका नाही, आणि शीर्ष जुळलं म्हणून ड्यूटी लागलीच असंही नाही. माल चिनी असेल तर दुबईहून जहाजात चढला तरी तो चिनीच. उत्पादकाचं नाव तक्त्यात नसेल तर ‘कोणताही’ या ओळीतला दर लागतो, तो सहसा सगळ्यात जड.

चिकलठाण्यातल्या एका ओळखीच्या उद्योजकाने मला कोणत्या मालावर कोणती ड्यूटी याची तयार यादी पाठवली होती. तिच्यात चीनच्या स्टेनलेस पत्र्यावरची १८.९५ टक्के काउंटरव्हेलिंग ड्यूटी अजून चालू दाखवली होती. ती लागली सप्टेंबर २०१७ मध्ये, २०२१ च्या अर्थसंकल्पात स्थगित झाली आणि २०२२ मध्ये रद्दच झाली. दुसऱ्याची यादी कितीही सुबक असली तरी बिल भरायच्या दिवशी सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टमच्या केंद्रीय मंडळाच्या, संकेतस्थळावर मूळ अधिसूचना आणि तिच्यातले नंतरचे बदल स्वतः बघा. मुदत पाच वर्षांची असते, पण फेरआढाव्यात वाढू शकते.

कुणीतरी सुचवेल, माप थोडं बदलून मागवा, सुटाल. स्टेनलेसच्या कोल्ड रोल्ड पत्र्यात हे झालं होतं. ड्यूटी १२५० मिलिमीटर रुंदीपर्यंत होती, म्हणून त्याहून रुंद पत्रा आणून इथे कापला जाऊ लागला. २०१७ मध्ये सरकारने रुंद पत्र्यावरही ड्यूटी लावली. त्या वाटेला जाऊ नका.

अरे हो, कलम ४९. आकारणी अडकली असेल तर माल तात्पुरता गोदामात ठेवायची परवानगी मागता येते. कंटेनर रिकामा करून परत देता येतो आणि शिपिंग लाइनचं मीटर थांबतं. आम्हाला हे २६ व्या दिवशी कळलं. आणि अधिकाऱ्याने तुमच्या विरोधात फेरआकारणी केली आणि तुम्ही ती लेखी मान्य केली नाही, तर कलम १७ प्रमाणे १५ दिवसांत कारणांसह आदेश द्यावा लागतो. ‘मान्य आहे’ असं घाईत लिहून देऊ नका, पुढच्या अपिलाचा पाया तो आदेशच असतो.

वेळ हाताशी असेल तर मुंबईतल्या कस्टमच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे आयातीच्या आधीच प्रश्न विचारता येतो. फी दहा हजार, निर्णय तीन महिन्यांत, आणि तो तीन वर्षं चालतो. आम्ही आता तो अर्ज केलाय.

दुसऱ्या कंटेनरच्या वेळी पर्चेस ऑर्डरवर, इन्व्हॉइसवर आणि पॅकिंग लिस्टवर एकच ओळ घालायला लावली: ‘वेल्डेड, कोल्ड ड्रॉन, होन्ड पोलादी नळी, ईएन १०३०५-२, ई-३५५, बिनजोड नाही’. सप्लायरकडे काम करणाऱ्या मुलीने विचारलं, एवढं लांब कशाला? मी तिला कडीचा फोटो पाठवला. बिलासोबतही तोच फोटो आणि आधीच्या मालाचा सरकारी अहवाल जोडला. पाचव्या दिवशी माल वर्कशॉपमध्ये होता.